पोत्यात गेलेलं प्रार्थनापुस्तक

मंगळवारी सकाळी सव्वादहाला फोन आला तेव्हा मी तुंगार्लीतल्या बंगल्यात उशांचे अभ्रे मोजत होते. हा बंगला शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने देतात आणि त्याची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे. अभ्रे बावीस हवेत, एकवीस भरत होते. फोन खांद्याने कानाशी दाबून मी तिसऱ्यांदा मोजायला घेतलं.

फोनवर मावशींची मुलगी होती.

"ताई, आईचं प्रार्थनापुस्तक तुमच्याकडे आलंय का हो?"

"माझ्याकडे तीन पुस्तकं आली, आठ दिवसांपूर्वी. तिन्ही कपाटातली. वहीत नोंद आहे."

"नाही ताई. कपाटातलं एक इथेच राहिलंय. शेवटच्या पानावर तुमची चिठ्ठी आहे, नंबर सतरा. म्हणजे आईचं तिकडे आलंय."

मी अभ्रे खाली ठेवले. सतरा नंबरच्या ओळीपुढे मी काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. 'परत आलं. फाटलेलं. जाळणे.'

हे नीट सांगायला हवं. मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. लोणावळ्यात आमच्या चर्चमध्ये त्या चाळीसेक वर्षं पहिल्या बाकावर बसत. डोळे गेल्यावर मुलीने त्यांना वराळ्याला स्वतःकडे नेलं. चर्चच्या मागच्या दाराशी एक लाकडी कपाट आहे. त्यात प्रार्थनापुस्तकं, संतांची चरित्रं, नऊ दिवसांच्या नोव्हेना-प्रार्थनेच्या पुस्तिका, जपमाळेवरची चिंतनं अशी दीडशेच्या आसपास मराठी पुस्तकं आहेत. हे कपाट मी सांभाळते. प्रत्येक पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर, आणि शेवटच्या पानावर आतल्या बाजूला नंबराची चिठ्ठी. बाहेरून सगळी पुस्तकं सारखी दिसतात, कारण देवाची पुस्तकं वरच्या चित्रावरून कुणी निवडू नयेत असं मला वाटतं. कव्हराचा उरलेला कागद मी लोकांना वाटून टाकते. मावशींनी तो घेतला आणि प्रेमाने आपल्या स्वतःच्या पुस्तकालाही तसंच कव्हर घातलं.

मुलगी कामावरून आल्यावर त्यांना रोज थोडं वाचून दाखवायची. पुस्तकं परत करायची वेळ आली तेव्हा तिने टेबलावरची तीन तपकिरी पुस्तकं पिशवीत भरून लोणावळ्याला येणाऱ्या शेजारणीकडे दिली. तिने तीन मोजली. मीही तीन मोजली. दोन जाडजूड होती, ती मी पाठीवरूनच ओळखली. तिसरं हातात घेताच पाठ निसटली, पानं सुटली. हेच सतरा, असं धरून चालले. शेवटचं पान उघडलं नाही. ते सरळ पोत्यात टाकलं.

पोतं कसलं, तेही सांगते. आशीर्वादित वस्तू रद्दीत घालत नाहीत. त्या जाळायच्या किंवा पुरायच्या. म्हणून राखेच्या बुधवारच्या, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या आधी लोक गेल्या वर्षी आशीर्वाद देऊन वाटलेल्या, आता वाळलेल्या झावळ्या चर्चमध्ये आणून देतात, आणि आमच्याकडे त्यासोबत फाटकी प्रार्थनापुस्तकंही येतात. झावळ्यांची राख बुधवारी कपाळाला लागते. पुस्तकं वेगळ्या खड्ड्यात जाळतात आणि ती राख आवारातल्या फणसाच्या मुळाशी पुरतात. जाळायचं काम आवारातली झाडझूड बघणारे आबा करतात, दरवर्षी राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी चारला.

आत्ता सव्वादहा झाले होते. मी म्हटलं, "पुस्तक आहे. घेऊन येते. काही काळजी करू नकोस."

मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत बसले.

मावशी रविवारी न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. तळेगावातल्या दवाखान्यात होत्या. हाडांचे डॉक्टर तिथे फक्त बुधवारी ऑपरेशन करतात. ते चुकलं तर पुढचा आठवडा, आणि त्र्याऐंशीव्या वर्षी आठवडाभर उताणं पडून राहायचं म्हणजे छातीत कफ भरतो, मग कुणाच्याच हातात काही राहत नाही, असं त्यांनी मुलीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. आणि मावशी ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला तयार नव्हत्या.

"पुस्तक आणा म्हणतात. त्यात मेलेल्यांची यादी आहे ना. रोज रात्री सगळ्यांसाठी प्रार्थना करतात. भूल दिल्यावर मी उठले नाही तर त्यांच्यासाठी कोण करणार म्हणतात. यादी कुणाच्या तरी हाती सोपवल्याशिवाय अंगठा देणार नाही म्हणतात."

"तोंडपाठ असेल ना त्यांना?"

"बेचाळीस आहेत. एक्केचाळीस आठवतात. एक येत नाही. कालपासून बोटं मोजतायत." मग आवाज खाली आला. "पाच वाजेपर्यंत अंगठा हवा ताई. नाहीतर उद्याचं नाव काढून टाकणार."

फोन ठेवायच्या आधी ती आणखी एक वाक्य बोलली. "ताई, राग नका मानू, आई विचारत होती, मुद्दाम तर नसेल ना ठेवलं?"

राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं. प्रश्न रास्त होता.

माझी आई आणि मावशी यांचं बोलणं बंद होतं. आईने एकदा त्यांना एका संताचं चरित्र वाचायला दिलं होतं, तिला लग्नात मिळालेलं, कापडी बांधणीचं. ते परत आलं नाही. नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सानंतर, म्हणजे त्यांच्यासाठीच्या उपासनेनंतर, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्या बायकांसमोर, आईने विचारलं, "बाई, माझं पुस्तक?" मावशी म्हणाल्या, "कुठलं पुस्तक? मला नाही दिलंस." त्यानंतर दोघी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत. मिस्सात शेजारच्याला शांतीची खूण करायची वेळ आली की दोघी उलट्या बाजूला वळत. आई गेली तेव्हा मावशी दफनाला आल्या आणि फाटकाशीच उभ्या राहिल्या. कपाटाची नोंदवही मी त्या भांडणातून सुरू केली. पुन्हा कुणी कुणाला 'मला नाही दिलंस' म्हणू नये म्हणून. मावशींशी मी नेहमी व्यवस्थित वागले. पण त्यांच्या पिशवीवर माझा हात जरा लवकर फिरला असेल का, हा प्रश्न त्या दिवशी गाडी सुरू करताना मला पडला, आणि उत्तर काही चांगलं नव्हतं.

बंगल्यातलं काम अर्धवट टाकून मी चर्चमध्ये पोचले. पोतं सॅक्रिस्टीच्या, म्हणजे वेदीमागच्या खोलीच्या, दाराआड असतं. ते तिथे नव्हतं.

मागे गेले. फणसाच्या पलीकडच्या खड्ड्यात राख होती. करडी, सपाट, मधूनमधून कागदाचे थर अजून पानांसारखे एकावर एक, हात लावला की मोडणारे. मी काटकी घेऊन ढवळलं. खालून ऊब आली. शिवणीच्या तारा निघाल्या, एक जळका पुठ्ठा निघाला आणि तपकिरी कव्हराचा अंगठ्याएवढा कोपरा.

फादर आले. तरुण आहेत, वर्षच झालंय इथे येऊन. माझ्या हातातली काटकी बघून थांबले.

"आबांनी चारला जाळायचं असतं," मी म्हटलं. "मी यादी लावलीय दारावर. मंगळवार, चार."

"त्यांना आज घरी लवकर जायचं होतं. सुदुंबऱ्याला. नातीला बघायला पाहुणे येणार आहेत. शिवाय दुपारी वारा सुटतो, ठिणगी उडते. सकाळी सातलाच उरकलं त्यांनी. काय झालं?"

मी सांगितलं.

"आबा पुस्तकं चाळून मगच जाळतात," ते म्हणाले. "आतली चित्रं काढून ठेवतात. सॅक्रिस्टीत बिस्किटांचा डबा आहे बघा."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. कपाट मी बारा वर्षं सांभाळतेय.

डबा खिडकीत होता. आत संतांची छोटी चित्रं, झावळीचे क्रूस, दाबून वाळवलेली फुलं, आणि वर्षश्राद्धाच्या मिस्साला वाटतात तसली छापील कार्डं. मी टेबलावर ओळीने लावली. सातवं कार्ड मावशींच्या नवऱ्याचं होतं. मिशीवाला, रेल्वेच्या गणवेशातला फोटो; सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. हे कार्ड कुठे असायचं ते मला माहीत होतं. मावशी मिस्साच्या वेळी पुस्तक उघडायच्या तेव्हा तेच आधी दिसायचं.

म्हणजे आबांनी ते पुस्तक उघडलं होतं. कार्ड काढून घेतलं होतं. आणि पुस्तक खड्ड्यात होतं.

आबांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. फादर म्हणाले, "पाहुणे आलेत म्हणजे फोन कुठेतरी चार्जिंगला असेल." मी कार्ड पर्समध्ये ठेवलं. अकरा चाळीस.

जुन्या हायवेने निघाले. कार्ला फाटा येईपर्यंत मावशींना काय सांगायचं याची मांडणी करत होते. पहिलं, चूक माझी. दुसरं, मुलीला बोलू नका. तिसरं सुचत नव्हतं. कामशेतच्या पुलाजवळ ट्रक अडकले होते, तिथे वीस मिनिटं गेली. दोन्ही बाजूंचे डोंगर वाळलेल्या गवताने पिवळे पडले होते आणि एका उतारावर कुणीतरी लावलेला वणवा काळी रेघ ओढत वर चालला होता. मी तिकडे बघायचं टाळलं.

तळेगावात शिरताना दवाखान्याकडे वळायचं होतं. मी वळले नाही. जळलं असं सांगायचं तर जाळणाऱ्याच्या तोंडून ऐकून सांगावं. वहीत टिक करायच्या आधी बघून घ्यावं, ही अक्कल आठ दिवसांपूर्वी यायला हवी होती. वराळ्यावरून, इंदोरीवरून पुढे सुदुंबऱ्याला गेले. कंपन्यांच्या बसगाड्यांमागे हळूहळू, हॉर्न न वाजवता, कारण हॉर्न वाजवून काही होत नाही.

आबांच्या घरासमोर दोन गाड्या उभ्या होत्या. ओसरीवर सतरंजी, पाहुणे पोहे खात होते, आणि आबा पांढऱ्या शुभ्र टोपीत भिंतीला टेकून बसलेले. मी त्यांना आजवर खाकी हाफपँटीशिवाय पाहिलं नव्हतं. मला बघून ते ताडकन उठले.

"बाई! तुमी हितं कशा? फादर बरं हायती ना?"

"बरे आहेत. आबा, एक मिनिट बाजूला—"

पण घरात आलेल्या माणसाला बाजूला कसं घेणार? आबांच्या बायकोने मला आत नेऊन खुर्चीत बसवलं, हातात पोह्यांची बशी दिली. मुलाकडच्या एका बाईने विचारलं, "ह्या कोण?" आबा म्हणाले, "आमच्या चर्चच्या बाई. लय शिस्तीच्या. दारावर यादी लावत्यात, कुटलं काम कदी करायचं त्याची." ती बाई म्हणाली, "मग मुलीच्या गुणांची यादी पण द्या म्हणावं." सगळे हसले. नात पदराशी चाळा करत खाली बघत होती. तिच्यासाठी तो दिवस काही साधा नव्हता, म्हणून मी पोहे खाल्ले. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता.

चहा झाल्यावर आबा मागच्या पडवीत आले.

"आबा, आज सकाळी पोत्यातली पुस्तकं जाळलीत."

"व्हय. सात वाजता. चारला वारं लय सुटतंय, बाई. तुमची यादी वाऱ्याला कोन सांगनार?"

"त्यात एक होतं, हाताने लिहिलेली पानं असलेलं. त्यातलं हे कार्ड तुम्ही डब्यात ठेवलंत." मी कार्ड पुढे केलं.

आबांनी कार्ड निरखलं. "मिस्त्री. ह्यो तर खाली पडलाता. झाडताना घावला, म्हनून डब्यात ठेवला."

"आणि पुस्तक?"

"ते न्हाई जाळलं."

मी कार्ड त्यांच्या हातातून परत घेतलं.

"हातानं लिवल्यालं हाय त्यात. छापल्यालं काय, लय मिळतंय. हातानं लिवल्यालं जाळलं तर परत कुटून आननार?" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुमी उघडलं न्हवतं व्हय?"

"नाही."

"मला वाचाया येत न्हाई, तरी मी उघडतो," आबा म्हणाले. त्यात टोमणा होता की नुसतीच माहिती, मला कळलं नाही. दोन्ही मला लागू होतं.

"कुठे आहे ते?"

"हितंच हाय. देवापाशी. उद्या चर्चला आनून फादरला इचारनार व्हतो."

त्यांच्या बायकोने देव्हाऱ्यातून ते आणलं. खणात गुंडाळलेलं होतं. सकाळच्या पूजेत कव्हरावर हळदकुंकू वाहिलेलं, वर एक अक्षता चिकटलेली. बाई संकोचून पुसायला लागल्या. मी म्हटलं, "राहू द्या." पाठ निखळलेली, पानं सुटी, पण सगळी होती. शेवटच्या कोऱ्या पानांवर निळ्या शाईत, बारीक, तिरकं, ओळीखाली ओळ. मी मोजलं. बेचाळीस.

निघताना आबा म्हणाले, "गाडी दमानं चालवा. मेलेली मानसं कुटं पळत न्हाईत."

"मेलेली नाही आबा, एक जिवंत आहे, ती थांबायची नाही."

"मंग पळा," ते म्हणाले.

इंदोरीजवळ एका कंपनीची शिफ्ट सुटली होती आणि रस्ता भरला होता. दवाखान्यात पोचले तेव्हा चारला दहा कमी होते. मुलगी जिन्यातच उभी होती. तिने माझ्या हातातलं पुस्तक बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी तिला उठवलं नाही, वर गेले.

मावशी खाटेवर सपाट झोपलेल्या. पायाला वजन बांधलेलं. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालत होता, एकेक पेर, मग परत सुरुवातीपासून. मी जवळ गेले तसा तो थांबला.

"कोण?"

"मी. पुस्तक आणलंय."

त्यांनी हात पुढे केला. पुस्तक चाचपलं, कव्हराचा कोपरा, सुटलेली पाठ. मग नाकाशी नेलं. "हळद कसली ही?"

"आबांच्या देव्हाऱ्यात होतं. सुदुंबऱ्याला." मग जे होतं ते सगळं सांगितलं. न उघडता टिक केली, पोत्यात टाकलं, आबांनी वाचवलं.

"तुझ्या आईची मुलगी शोभतेस," त्या म्हणाल्या. "तीसुद्धा आधी बोलायची, मग बघायची." त्यांच्याशी वाद घालायचा तो दिवस नव्हता आणि वेळही नव्हती. "बरं, वाच. मोठ्याने. कुणाला वगळू नकोस."

मी वाचायला लागले. त्यात फारशी नावं नव्हती. मावशींनी माणसं त्यांच्या कामावरून, घरावरून, मरणावरून लिहिली होती. बाबा. आई. न रडलेलं पहिलं बाळ. मिस्त्री. घाटात गाडी जोडताना चिरडला तो पोरगेला पॉइंट्समन. आया म्हणून राहिलेली, बंगल्यात एकटी मेलेली. सामोसे तळणारे चाचा, ज्यांनी संपाच्या वेळी उधार दिलं. शाळेतली सिस्टर, जी मारायची. दवाखान्याच्या दारात गेलेली भिकारीण, चेहरा माहीत नाही. प्रत्येक ओळीला मावशी 'हं' म्हणत आणि एक पेर सरकवत. नर्स दोनदा डोकावून गेली. दुसऱ्यांदा तिच्या हातात फॉर्म होता.

अडतिसाव्या ओळीवर मी थांबले.

"वाच की."

"'जिचं पुस्तक माझ्याकडे राहिलं, ती.'"

अंगठा पेरावर थांबला. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा मोबाईलवर क्रिकेट बघत होता, त्याने आवाज कमी केला.

"हीच," मावशी म्हणाल्या. "हीच येत नव्हती."

"मावशी, तुम्ही तर म्हणाला होतात, मला नाही दिलं."

"कापड फाटलं होतं गं. आमच्या बाळ्याने, म्हणजे माझ्या धाकट्या मुलाने, खेळताना. म्हटलं नवं कव्हर घालून देते. तेवढ्यात तिने विचारलं, चारचौघींत, पायऱ्यांवर. तोंडातून गेलं, नाही दिलंस. एकदा गेल्यावर..." त्यांनी हाताने काहीतरी दूर सारल्यासारखं केलं. "फादरांना सांगितलं. सहा फादर झाले, सहाही जणांना सांगितलं. प्रत्येकाने तेच सांगितलं, तिला सांगा. ती फाटकाच्या आत होती तेव्हा मी बाहेर उभी होते. तेव्हासुद्धा नाही झालं. म्हणून इथे लिहिली. रोज घेते नाव. आणि बघ, ऐन वेळी तीच विसरते."

आई शेवटच्या आजारपणातही त्या पुस्तकाचा विषय काढायची. माझ्या जिभेवर आलं होतं की, ती गेली तेव्हाही तिला त्याचं वाईट वाटत होतं. घड्याळात चार पंचवीस झाले होते. ते मी गिळलं. गिळलं म्हणून मोठी ठरले असं नाही. आजही ते कधी कधी वर येतं.

"पुढच्या चार राहिल्यात," मी म्हटलं, आणि वाचल्या.

बेचाळीस झाल्यावर मावशी म्हणाल्या, "आता तुझ्या वहीत उतरवून घे. तुझी वही नेहमी बरोबर असते ना?"

असते. पर्समधली बंगल्याच्या कामाची वही, पहिल्या पानावर अभ्रे बावीसपैकी एकवीस. मी मागचं कोरं पान काढून उतरवायला घेतलं. नर्स आली, म्हणाली, "आजी, अंगठा?" मावशी म्हणाल्या, "थांब गं, तिचं लिहून होऊ दे." मी आयुष्यात इतकं भरभर लिहिलं नसेन. अडतिसावी ओळ लिहिताना विचार केला, इथे आईचं नाव घालावं का. घातलं नाही. मावशींनी जसं लिहिलं होतं तसंच लिहिलं.

"झालं?"

"झालं. बेचाळीस."

"मी नाही उठले तर?"

"मी करेन. रोज."

"रोज म्हणजे रोज. फक्त नोव्हेंबरात नाही."

"रोज."

चार पन्नासला त्यांनी अंगठा दिला.

बुधवारी सकाळी सहाच्या मिस्साला मी कपाळावर राख घेतली आणि तशीच तळेगावला गेले. मावशींना आत नेलं होतं. मुलगी आणि मी बाकावर बसलो. तिला मी वही दिली नाही, पुस्तक दिलं. तिने पहिली ओळ वाचली, मी दुसरी, असं हळू आवाजात. मावशी बाहेर आल्या तेव्हा आमची यादी दुसऱ्यांदा एकोणतीसपर्यंत आली होती. डॉक्टर म्हणाले, हाड बसलंय, बाकी वयाचं बघू. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर मावशींनी मुलीला पहिला प्रश्न विचारला तो माझ्याबद्दल. "काल रात्री केली का तिने?" केली होती.

त्यांच्या चालण्याला दोन महिने लागले. अजून वॉकर लागतो. यादी त्या स्वतः करतात, मी माझ्याकडून करते, म्हणजे बेचाळीस माणसांना सध्या दोनदा प्रार्थना मिळते. फोनवर त्या मला तपासतात. "तेहतिसावी कोण?" मी सांगते.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात मुलीने कापडी पिशवीतून एक पुस्तक पाठवलं. माझ्या आईचं. ट्रंकेत तळाशी, साडीत गुंडाळून ठेवलेलं होतं म्हणे. सोबत काही निरोप लिहिलेला नव्हता. मी नोंदवही काढली, पेन उघडलं. मग पेन बाजूला ठेवून आधी पुस्तक उघडलं, पहिल्या पानापासून, एकेक पान उलटत. आईची पेन्सिलीची खूण चार ठिकाणी होती. कापड एका कोपऱ्यात फाटलं होतं, फार नाही. शेवटच्या पानाआड एक तपकिरी कागद घडी घालून ठेवलेला होता, बरोबर मापाने कापलेला, चारही बाजू मुडपून तयार, फक्त घालायचा राहिलेला.

तो मी घातला. मग नोंद केली.